दोन डबे अन् एक कूलर

बडनेरा
१८ एप्रिल २०२५

वच्छलाताई, जयभीम.

तुमी आमच्या शेजारच्या नत्थुजीजवळ निरोप धाडला, का ललिताचा फोन काहून लागत नाही. लागणार नाही. फोन गव्हाच्या कोठीत आहे. माझाबी अन् पोरीचा, ज्योत्स्नाचाबी. तुमच्या भावानं दोन्ही गव्हात खुपसले, वरून पत्र्याचं झाकण लावलं अन् झाकणावर पाटा ठेवला. म्हणे फोन बाहेर असला की त्याची भणभण डब्यात शिरते. कोणाशी बोलाचं असलं तर आधी पाटा उचला, मग गव्हात हात घाला. तोवर समोरचा माणूस ठेवून देते. म्हणून पत्र लिहून राहिली. मी चौथीपर्यंत शिकली, अक्षर पाहू नका. नत्थुजी रोज अकोल्याले ड्युटीवर जातात, त्यायच्या हाती देतो.

आता डबा कोणता ते सांगतो. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून तुमच्या भावाले गार्डाचा डबा राहिला नाही, तर त्यानं घरात दोन आणले. हातात मावतीन एवढे. तुमच्या बाबाच्या गायन पार्टीची जयंतीतली जुनी कॅसेट होती ना, ते त्यानं अमरावतीच्या एका पोराकडून कॉम्प्युटरात भरून आणली. कॉम्प्युटरात गाणं नुसते आकडे असतात म्हणे, अन् हा डबा त्या आकड्याचा पुन्हा आवाज करते. एक डबा असता तर मी काही म्हटलं नसतं. पण दोन आहेत, अन् त्यातला चांगला कोणता, हे ठरल्याशिवाय या घरात दुसरं काही ठरणार नाही.

रोज चार वाजता बैठक. तुमचा भाऊ डोळ्याले टॉवेल बांधून खुर्चीवर बसते. एका हातात हिरवी झेंडी, एका हातात लाल. मी गाण्याच्या मशीनच्या मागं खाली बसायचं. हिरवी दाखवली की एका डब्यातली तार काढून दुसऱ्यात खुपसायची. लाल दाखवली की गाणं बंद. कूलर बंद, पंखा बंद. एप्रिल महिना आहे ताई. दुसरा डबा तापते, म्हणून त्याले माठासारखं ओलं पोतं गुंडाळलं आहे. मले कोणी ओलं पोतं गुंडाळत नाही.

पहिले दोन दिवस मी तार बदलली. टोक बारीक, भोक बारीक, माझे गुडघे असे. तिसऱ्या दिवशी गॅसवर डाळ होती. हिरवी झेंडी वर झाली, मी तार नुसती खडखड केली अन् होती तिथंच ठेवली. गाणं सुरू होण्याच्या आधी बाबा खाकरतात, तेवढं वाजलं. अन् तुमचा भाऊ टॉवेलातून म्हणते, "ऐक. पहिल्यात बाबा खाकरत होते. दुसऱ्यात बाबा समोर बसून खाकरून राहिले."

त्या दिवसापासून मी तार बदलत नाही. पहिल्या डब्यातच राहू देतो. डाळबी करपत नाही अन् तोबी खुश.

आता कामाचं. त्या बाळापूरच्या पोराचं काय झालं? ज्योत्स्नानं आजवर चार फोटो दुसऱ्या दिवशी परत दिले. हा मागितला तर म्हणते हरवला. तिच्या उशीच्या खोळीत हरवला आहे, मी पाहिला. माय व, पहिल्यांदा पोरीचं मन बसलं आहे. लवकर करा काय ते.

ललिता

*

अकोला
२३ एप्रिल २०२५

ललिता, तुले अन् ज्योत्स्नाले जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू डब्याचं लिहिलं, पण मी माझ्या भावाले, देवमनले, लहानपणापासून ओळखतो. अगं, त्याले ऐकू येत नाही. जन्मभर गाडीचा खडखडाट ऐकला, त्याचे कान गेले, अन् ते लपवासाठी हे सगळं चालू आहे. नाहीतर तार बदलली नाही तरी बदलली असं कोण म्हणते? मंजे त्याले तार हालल्याचंही समजत नाही अन् न हालल्याचंही. आमच्या शेजारच्या पार्बताबाईचं असंच होतं. ते टीव्हीले दोष द्यायची.

सोबत लसणाचं तेल देऊन राहिली. कोमट करून दोन दोन थेंब. त्याले कान गेले असं तोंडावर बोलू नको, मनाले लावून घेईन.

पोरगा प्रीतम. बाळापूरजवळ ढोरांच्या दवाखान्यात सरकारी नोकरी. शांत आहे, विचारल्याशिवाय बोलत नाही अन् विचारलं तर खरं बोलते, हा एक दोष आहे. बाप शालिकरामजी, चांगला माणूस. ४ तारखेला पोरगी पाहाले येतात. देवमनचं मी त्यायले माझ्या पद्धतीनं समजावून ठेवलं आहे, तू काळजी करू नको. समजदार लोक आहेत.

वच्छला

*

बडनेरा
३० एप्रिल २०२५

वच्छलाताई, जयभीम.

तेल पोचलं. तुमच्या भावानं शिशी हुंगली अन् म्हटलं, ताईले कसं माहीत पडलं? मग कापसाचा बोळा घेऊन तारेच्या सगळ्या टोकांले लावलं. म्हणे आता आवाज घसरत येते. सगळी बैठक लसणानं वास मारून राहिली.

त्याचे कान गेले असं मले वाटत नाही ताई. मी सैपाकघरात पुटपुटलेलं त्याले गच्चीवर ऐकू येते. पण तुमी मोठ्या आहा.

पोराचं सांगतलं. आधी ऐकलंच नाही, हिरवी झेंडी हालवत बसला. मग मी म्हटलं, तो ढोराच्या पोटावर नळी ठेवून आतलं ओळखते. तसा टॉवेल सोडला. म्हणे, गाईच्या पोटात चार खाने असतात, कोणत्या खान्यात काय गुडगुडते हे ज्याले समजते त्याले डबे समजणार नाहीत काय. असाच कान पाहिजे. आता तो पोराले पोरगी दाखवण्याच्या आधी डबे ऐकवणार आहे. अन् पोरानं जर सांगतलं दुसरा चांगला, तर तिथंच होकार देणार आहे.

मंजे ताई, काम एकदम सोपं झालं. पोराले एवढंच सांगून ठेवा का विचारलं की म्हणायचं, दुसरा. बस. दुसरं काही बोलायचं नाही. ज्योत्स्नाचं साडी कोणती नेसू हे मले तीनदा विचारून झालं, ते कधी विचारत नाही.

हे पत्र ४ तारखेच्या आधी वाचा.

ललिता

*

बडनेरा
५ मे २०२५

वच्छलाताई,

मोडलं.

जयभीम लिहायचा राहिला, जयभीम.

तुमी पोराले काही सांगतलं नाही काय? अन् ते लोक तसे काहून वागत होते, मले त्याचा खुलासा पाहिजे. सगळं सांगतो, मग तुमीच सांगा कोणाचं चुकलं.

अकरा वाजता आले. शालिकरामजी, पोरगा, अन् पोराची आत्या गंगूबाई. शालिकरामजी दारातूनच ओरडले, जयभीम साहेब. ओरडले मंजे स्टेशनावरून हाक मारावी तसे. तुमचा भाऊ दोन पावलं मागं सरला. मग आत्याबाई त्याच्या कानाशी जाऊन ओरडल्या, तब्येत बरी आहे नं. तुमचा भाऊ माझ्याकडे पाहून राहिला. शेजारचे दार उघडून बाहेर आले, त्यायले वाटलं भांडण झालं.

पाणी दिलं, पन्हं दिलं. प्रत्येक गोष्टीवर ते ओरडून सांगत, पन्हं चांगलं आहे. अन् बोटांनी खुणा करत. पोरगा तेवढा गप होता.

मग तुमच्या भावानं कूलर बंद केला. बाहेर ऊन असं का कावळा उडत नव्हता. खिडक्या लावल्या, पंखा बंद, सगळ्यायले सांगतलं का श्वास हळू घ्या. शालिकरामजी ओरडले, काहून. त्यायले वाटलं काही धार्मिक आहे. पोराच्या डोळ्याले टॉवेल बांधला. लसणाचा. आत्याबाईनं पदरात तोंड लपवलं. मी मशीनमागं बसली. तिथं लोकायसमोर मले बारीक भोक सापडत नाही ताई, घाम डोळ्यात जाऊन राहिला होता, मी आपली रोजच्यासारखी तार खडखड केली.

बाबा खाकरले. हिरवी झेंडी. खडखड. बाबा पुन्हा खाकरले. हिरवी झेंडी. खडखड. शालिकरामजीले वाटलं मध्ये काही बोलावं, तर ते ओरडले, दुसरा बरा वाटते. आत्याबाई म्हणाल्या, नाही, पहिला गोड आहे. त्या दोघायचं तिथंच जुंपलं. तुमचा भाऊ पोराजवळ वाकला अन् हळूच विचारलं, बोला, काय फरक समजला?

पोराच्या टॉवेलाखालून घामाची धार गळून राहिली होती. मग म्हणाला,

"मामाजी, खरं सांगू? मले एकच फरक समजला. कूलर चालू अन् कूलर बंद."

ताई, तुमच्या भावानं लाल झेंडी दाखवली. गाणं चालू नव्हतं तरी दाखवली.

ज्योत्स्ना पोह्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तशीच मागं फिरली. पोरगी कोणी पाहिलीच नाही. आत्याबाईले ऊन लागलं, त्यायले कांदा हुंगवून ऑटोत बसवलं. जाताना शालिकरामजी ओरडले, आमाले पोरगी पसंत आहे. न पाहताच.

आता तुमच्या भावाचं म्हणणं असं, का बाप बहिरा आहे, नाहीतर असा ओरडला नसता. आत्या बहिरी. पोरगा तर बहिराच, दोन डबे सारखे म्हणते. बहिऱ्यायच्या घरात मी पोरगी देत नाही. सगळ्यायचं ऐकून घेतलं, म्हणे, पण हे लोक बाबाचं खाकरणं ऐकत नाहीत.

ज्योत्स्नानं उशीची खोळ धुवाले टाकली. फोटो बाहेर काढून मेजावर उलटा ठेवला आहे, परत कर म्हणते. मी अजून हात लावला नाही.

खुलासा करा.

ललिता

*

अकोला
८ मे २०२५

ललिता, जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मले एकाच दिवशी भेटली. नत्थुजी लेकीकडे मूर्तिजापूरले लग्नात अडकले होते, तीस तारखेचं पत्र त्यायच्या खिशात धुतलं गेलं, वाळवून आणून दिलं. मंजे 'दुसरा म्हण' हे पोराले सांगायचं राहून गेलं. त्यात माझा दोष नाही.

ओरडायचं काय ते सांगतो. मी त्यायले सांगतलं होतं का पोरीचा बाप ऐकाले थोडा कमी आहे, पण मनाले लावून घेते, तर तुमी मोठ्यानं बोला अन् त्याले जाणवू देऊ नका. त्यायनं माझा शब्द पाळला. आता शालिकरामजीचा घसा बसला आहे, गरम पाणी पिऊन राहिले. तेबी म्हणतात, बाई, तुमच्या भावाले तर सगळं ऐकू येत होतं, मग आमी काहून ओरडलो? मी काय सांगू? मी म्हटलं, कधी येते, कधी येत नाही.

पण ललिता, मी तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. तू तार बदलत नाहीस. तूच लिहिलं आहे. मंजे चार तारखेला पोरानं दोन वेळा एकच डबा ऐकला, अन् सारखाच आहे म्हणाला. त्या घरात खरं ऐकणारा तो एकटा होता. बाकी सगळ्यायनं तुझ्या खडखडीवर मत दिलं. अन् तू मले खुलासा मागते.

प्रीतमले विचारलं. म्हणे, मावशी, पोरगी दिसली मले. ट्रे घेऊन उभी होती, टॉवेलाच्या खालच्या फटीतून पाय अन् ट्रे दिसला. ट्रे थरथरत होता. मी सारखे आहेत म्हटल्यावर तो थांबला. मले वाटलं तिले पटलं. असा पोरगा मी हातचा जाऊ देणार नाही.

१२ ले बुद्धपौर्णिमा आहे. माझ्याकडे खीर आहे, बाबाची आठवण आहे, सगळ्यायले बोलावून राहिली. देवमनले सांग, दोन्ही डबे घेऊन ये, अकोल्याची लाईट वेगळी आहे, इथं आवाज चांगला येते. असं म्हटलं की तो येईन. ज्योत्स्नाले पाठव. तू येऊ नको. तुझं तोंड पाहिलं की त्याले सगळं समजन. तार मी बदलीन. अन् माझा कूलर मी कोणासाठीच बंद करत नाही.

वच्छला

*

बडनेरा
१० मे २०२५

वच्छलाताई, जयभीम.

अकोल्याच्या लाईटवर तो लगेच उठला. म्हणे पारसचं वीजघर जवळ आहे, तिथं लाईट ताजी भेटते.

पाठवून राहिली दोघायले. ज्योत्स्नानं पांढरी साडी काढली, अन् मेजावरचा फोटो सुलटा केला आहे.

पण एक भेव वाटते. महिना होऊन गेला, तुमच्या भावानं दुसरा डबा ऐकलेलाच नाही. तो पोत्यात नुसता बसून आहे. तुमी खरी तार बदलली अन् काही वेगळंच वाजलं तर त्याचा चेहरा मले पाहवणार नाही. मी खोटं बोलली असं नाही, मी काही बोललीच नाही. तो टॉवेल बांधून बसला की रोज बाबाले भेटून आल्यासारखा उठते, एवढंच.

येत नाही म्हटलं तरी जीव तिकडंच राहीन. लगेच लिहा. फोन गव्हात आहे.

ललिता

*

अकोला
१३ मे २०२५

ललिता, जयभीम. खीर जमली होती. पुढं वाच.

शालिकरामजी अन् गंगूबाई आले, पण आता ते कुजबुजून बोलत होते. मी सांगतलं होतं का ऐकू येते. देवमन मले म्हणे, यायचा आवाज बसला काय, त्या दिवशी तर बरे होते.

डबे मांडले. पोत्यासकट. मी मशीनमागं बसली. कूलर चालू. देवमन म्हणाला, बंद कर. मी म्हटलं, बाबाच्या काळात कुठं कूलर होता, त्यायले ऐकू दे. त्याले हे पटलं, कसं पटलं विचारू नको.

त्यानं टॉवेल बांधला, प्रीतमनंबी बांधला. शेजारी शेजारी बसले, जसं काही डोळ्याचं ऑपरेशन झालेले. हिरवी झेंडी. पहिला डबा. ललिता, मी बाबाले ऐकलं. गाण्याच्या आधी खाकरले अन् पेटीवाल्याले म्हणाले, चाल. मी त्यायची लेक, पण इतक्या वर्षांत हे कोणी मले ऐकवलं नाही. माझ्या हातातली तार तशीच राहिली. देवमन झेंडी हालवून राहिला, बदल, बदल. मी नाक पुसलं अन् बदलली. खरी बदलली.

दुसऱ्यातून आधी घूं असा आवाज आला. मग गुडगुड. मग बाबा, पण विहिरीतून बोलल्यासारखे.

देवमननं झेंडी खाली केली. म्हणाला, "हा तिसरा डबा कोणाचा आहे? हा मी कधी ऐकला नाही."

मग प्रीतम टॉवेलातूनच म्हणाला, "मामाजी, तुमचाच आहे. याच्या पोटात पाणी झालं." त्यानं टॉवेल सोडला, पोतं उकललं, डब्याले कान लावला, मग थोपटला, जसं बैलाले थोपटतात. मागच्या फटीतून पाणी गळलं माझ्या सतरंजीवर. पोत्यातून गव्हाचे दोन दाणे निघाले, त्याले मोड आले होते.

देवमननं टॉवेल काढला नाही. मले वाटलं गेलं सगळं. मग टॉवेलातूनच विचारलं, त्या दिवशी तुमी सारखेच म्हणाले. प्रीतम म्हणाला, हाव. सारखेच होते काय? हाव.

"दुसरा म्हटलं असतं तर त्याच दिवशी पोरगी दिली असती मी."

"समजलं होतं मले," प्रीतम म्हणाला. "पण मग जन्मभर दर दिवाळीले टॉवेल बांधा लागला असता."

गंगूबाई आधी हसल्या. मग ज्योत्स्ना, सैपाकघरातून. देवमननं टॉवेल काढला तेव्हा डोळे ओले होते, पण तो लसूण होता असं तो म्हणाला. मले विचारलं, ताई, मग ललिता तिकडं काय करत होती? मी म्हटलं, डाळ करत होती.

होकार झाला. साखरपुडा जूनमध्ये, पाऊस पाहून. पोरीनं पोराले ट्रे दिला, तो थरथरला नाही, मी पाहिलं.

देवमन परवा येईन. काही विचारलं तर खोटं बोलू नको. खरंबी बोलू नको.

वच्छला

*

बडनेरा
२० मे २०२५

वच्छलाताई, जयभीम.

फोन गव्हातून बाहेर आले. ज्योत्स्नाचा तर कानालेच चिकटला आहे. पण तुमाले हे फोनवर सांगता येत नाही, घरात सगळ्यायले ऐकू येते. म्हणून पत्र.

तुमचा भाऊ आला. चहा घेतला. पोतं माठाले गुंडाळलं. मी वाट पाहून राहिली का आता विचारन, मग विचारन. जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशीबी काही नाही. मले अशी माणसं आवडत नाहीत ताई. विचारून टाकावं, भांडून टाकावं, मोकळं व्हावं. मीच म्हटलं, काय ते बोला. तर म्हणे, डाळीत मीठ कमी आहे.

काल चार वाजले. पाहतो तर खुर्ची मांडलेली. टॉवेल धुतलेला, लसणाचा वास नाही. डोळ्याले बांधला. हातात हिरवी, हातात लाल. मी जाऊन मशीनमागं बसली. बसाले गादी ठेवली होती. त्यानंच ठेवली असन, मी ठेवली नाही.

बाबा खाकरले. पेटीवाल्याले म्हणाले, चाल.

हिरवी झेंडी वर झाली. मी तार धरली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दुसरा डबा तर बाळापूरले आहे, प्रीतमजवळ, पोटातलं पाणी वाळवाले. तुमच्या भावानंच नेऊन दिला. घरात एकच आहे, हे त्याले माहीत, हे मलेबी माहीत.

मी तार खडखड केली अन् होती तिथंच ठेवली.

बाबा पुन्हा खाकरले.

"हा दुसरा," तुमचा भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, हाव.

कूलर चालू होता.

ललिता